पाकिटातून आलेला महादेव

प्रिय अंबिका,

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून हे लिहितेय. पत्र मध्येच तोडता येत नाही.

देवघरातल्या महादेव-पार्वतीच्या तसबिरीला वाळवी लागली. तीच, तळहाताएवढी, तुझ्या आजीने लावलेली. परीक्षेला निघताना तू तिच्याच पाया पडायचीस. चौकट बदलायला ईश्वरप्पांच्या दुकानात नेली. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला आणि हसायलाच लागले. "वहिनी, ह्यो देव सिगारेटच्या पाकिटातून आलाय की!" मागे इंग्रजी छापलेलं. तुझ्या जुन्या पुस्तकांवरून शिकलेली माझी अक्षरं. एकेक जुळवत वाचलं. सिगारेटचं नाव, खाली चित्राचा नंबर. ईश्वरप्पा सांगत होते, पूर्वी पाकिटागणिक असं एक चित्र निघायचं. कधी देव, कधी राजा, कधी पाखरू. संच पुरा करायच्या नादात माणूस आणखी ओढायचा. मी म्हणाले, म्हणजे आम्ही इतकी वर्षं जाहिरातीला विभूती लावली? तर म्हणतात, "मग! कंपनीला एवढं इमानदार गिऱ्हाईक दुसरं मिळालं नसंल."

मीही हसले. घरी येताना मात्र तुझ्या अप्पांचा जबडा डोळ्यांपुढे आला. ते गेल्यावर तू त्यांची चंची, डबी, सगळं उकिरड्यावर टाकलंस आणि म्हणालीस, तंबाखूचं नाव जरी या घरात दिसलं तरी मी उंबरा ओलांडणार नाही. मी अडवलं नाही. तुझं बरोबरच होतं.

पण चित्र नीट पाहिलं गं मी. पार्वतीच्या पदराची चुणी न् चुणी दिसते, जटेतून गंगेची बारीक धार निघते. एवढ्याशा कागदावर कुणीतरी जीव लावून काढलंय. मागे कंपनीचं नाव आहे, त्याचं नाही. घास गिळेना तेव्हा अप्पांनी खाट या तसबिरीसमोर ओढायला लावली होती. मला ती टाकवत नाही.

गुपचूप परत लावली असती तर तुला कळलंही नसतं. पण पुढच्या महिन्यात तुला पहिल्या बाळंतपणाला आणायचंय, आणि घरात काय आहे ते लपवून मी तुला आणणार नाही. तसबिरीला दोन्ही बाजूंनी काच लावून घेतलीय. ती आता बाहेरच्या खोलीत आहे. लेकरू वाचायला शिकलं की मागची बाजू आपण दोघी त्याला वाचून दाखवू, आणि त्याचे आजोबा कशाने गेले तेही सांगू. गाडी ठरवून मीच नांदेडला येते. रागवायचं असेल तर वाटेत रागव, उदगीरपर्यंत रस्ता लांब आहे.

तुझीच,
आई