ज्याचं सोंग, त्याच्या घरचं पाणी

आबा, टीव्हीवरच्या मालिकेत धाकट्या भावाला घराबाहेर काढणारा नट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. तुम्ही होतात तोवर आपल्या वस्तीत टीव्ही नव्हता, म्हणून आधी तो कोण ते सांगते. आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडचा आहे. बाप शिंपी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यानं म्हाताऱ्याचं काम केलं, लोक पोट धरून हसले, आणि तेव्हापासून त्याचं मन शिवणात लागलं नाही. मुंबईला गेला. तिथं पुष्कळ वर्षं त्यानं नुसती प्रेतं केली, हवालदार केले, लग्नातले पाहुणे केले. मग ही मालिका मिळाली आणि घरोघरच्या शिव्या खायला लागला. यातलं अर्धं मी पेपरात वाचलं, अर्धं त्याच्या तोंडून ऐकलं. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पुढचं वाचन मी किराण्याच्या पुड्यांवर शिकले. अजूनही छापलेलं काही दिसलं की माझ्यानं सोडवत नाही. पेपरात होतं, की एका उन्हाळ्यात शूटिंगच्या जागी दिवे उचलणारा माणूस ऊन लागून पडला, त्याला सावलीत निजवलं आणि काम पुढं चालू झालं. याच्यानं ते विसरवेना. आता उन्हाळा आला की तो सुट्टी काढतो आणि आपल्या जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांत उन्हावर नाटक करत फिरतो. त्यापायी मालिकेतलं त्याचं कामही कमी केलंय म्हणे.

मी त्याला पहिल्यांदा जवळा बाजारला पाहिला. भाजी घ्यायला गेले होते. तो मोकळ्या जागेत उभा राहून सांगत होता, की धूर वाढला, झाडं गेली, कोळसा जाळणारे कुठले कुठं आणि भाजणारे आपण. मिरच्या विकणारी एक बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "आदी भावाला घरात घे, मंग आमचं ऊन कमी कर." सगळा बाजार हसला. तोही हसला. म्हणाला, "भाऊ लै माजलाय मावशी, राहू द्या त्याला बाहेर. पण तुमच्या डोक्यावर सावली काहून न्हाई, ते सांगा." बाई पदर पुढं ओढून ऐकायला लागली. मला तुमची आठवण झाली. पाणवठ्याच्या हक्कासाठी गावोगाव जलसे व्हायचे, त्यांत तुम्ही पाटील करायचात. घागरीला लाथ मारायचात, पाणी मातीत जायचं, आणि आपल्याच बाया तुम्हाला शिव्या घालायच्या. मी लहान होते, मला कळायचं नाही, की घरी मला पाणी गाळून देणारा माणूस तिथं असा का वागतो.

नाटक संपल्यावर त्यानं विचारलं, "हितं कुणाच्या घरचं माणूस उन्हानं गेलंय का?" लोकांनी माझ्याकडं पाहिलं. तुमचे जावई गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेले आबा. दुसऱ्याच्या खळ्यावर हळद शिजवायच्या कामाला होते. वरून ऊन, खालून हळदीच्या पिंपाएवढ्या कुकरची वाफ.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. सून तर हरखूनच गेली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्याबाई, टीव्हीत लै उंच दिसतेत, न्हाई?" मी माठातलं पाणी भरून तांब्या त्याच्यापुढं ठेवला. त्यानं हात जोडले आणि पिशवीतली बाटली काढून तिचं पाणी प्यायला. मग म्हणाला, "मावशी, मला तुमच्या मालकाचं काम करायचंय नाटकात. तुमी व्हय म्हणाल तरच." मी न्हाई म्हणाले. त्यानं विचारलं, "काहून?" मी सांगितलं नाही. पण तुम्हाला कारण ठाऊक आहे.

आठवतं ना, मी आठ-नऊ वर्षांची आहे. आपल्या गल्लीतल्या लंगड्या म्हाताऱ्याची मी चालून नक्कल करते, पोरी खिदळतात, आणि तुम्ही मागं येऊन उभे राहता. मारत नाही. म्हणता, "ज्याचं सोंग घ्यायचं, त्याच्या घरचं आदी पाणी पिऊन यावं." आणि मला त्याच्या दारात नेऊन बसवता. मी त्याच्या गाडग्यातलं पाणी पिते, तो मला पाय कसा मोडला ते सांगत बसतो, आणि त्यानंतर माझ्याच्यानं ती नक्कल होत नाही. परत येताना मी विचारलं होतं, "मंग तुमी पाटलाच्या घरचं पाणी पेले?" तुम्ही म्हणालात, "मागायला गेलो व्हतो. त्यानं माज्याकडं न्हाई, माज्या डोक्यावरून बैलाकडं बघितलं. पाणी न्हाई भेटलं, पण पाटील भेटला." तो डोक्यावरून बघणारा पाटील मग मी जलशात किती वेळा पाहिला. पण एक विचारायचं राहून गेलं. पुढं त्या पाटलाच्या गावात आपल्या लोकांना पाणी मिळालं का? जलशानं काही झालं का?

तुम्हाला विचारायचं राहिलं, म्हणून त्याला विचारलं. तो आठवड्यानं पुन्हा आला, भर दुपारी. गाडी नव्हती. जावई जिथं कामाला होते त्या खळ्यावर सकाळपासून हळद पसरायला उभा राहिला होता, आणि तिथून पायी आला. ओठ पांढरे पडलेले. बसायच्या आधीच म्हणाला, "मावशी, पाणी द्या." दोन तांबे प्यायला. मी त्याच्या गळ्याकडं बघत होते, की ही तहान खरी का नटाची. आबा, मला काही कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं.

मी म्हणाले, "तुमच्या नाटकानं ऊन कमी व्हतं का?"

"न्हाई मावशी. पण दुपारच्याला खळ्यावर माणूस उभा करायचा का न्हाई, ते ऊन ठरवत न्हाई. माणूस ठरवतो. त्या माणसाला दाखवायचंय. तो बाजारात येतोच की."

मग त्यानं विचारलं, "पडले कसे?" मी म्हणाले, "पडले न्हाईत. खळ्यावरून घरी आले अन् बसले. घाम यायचा थांबला व्हता. मला म्हणले, थंडी वाजून राहिली, घोंगडी दे. अन् डोक्याचा रुमाल सोडायला लागले, तर त्यांना गाठच सापडंना." एवढं मी कुणाला सांगितलं नव्हतं, सुनेलाही नाही. त्यानं काही लिहून घेतलं नाही. नुसतं विचारलं, "गाठ कुणीकडं बांधायचे?"

मी पेटीतून रुमाल आणला. डाव्या कानावर गाठ, एक टोक लोंबतं. डावा पाय जरा बाहेर टाकायचे, घाई असली तरी उंबऱ्याशी थांबून मागं बघायचे, तेही सांगितलं. तो उठला, चुलीपासून दारापर्यंत चालला, थांबला आणि मागं वळून बघितलं. सून हसत होती, ती हसायची थांबली.

मी म्हणाले, "पाय अजून थोडा बाहेर. पुन्हा चाला." तो चालला. मी म्हणाले, "पुन्हा."

येत्या बाजारी तो ते काम करणार आहे. जाताना माझ्या पाया पडला, म्हणाला, "मावशी, तुमच्यामुळं एखादं तरी माणूस वाचंल." वाचावं. त्या खळ्याचा मालक बाजारात समोर उभा असावा, असंही मला वाटतं. पण आबा, मी व्हय म्हणाले ते त्यासाठी नाही. तुमच्या जावयांना दारापर्यंत चालत जाताना मला अजून एकदा बघायचं होतं, आणि त्याचा पाय पहिल्याच खेपेला बराबर पडला होता, तरी मी पुन्हा पुन्हा चालायला लावलं. त्याला हे कळलं नाही. तुम्ही एका नजरेत ओळखलं असतं, म्हणून हे तुमच्यापर्यंत पोचत नाही तेच बरं.