पाण्याची सुई

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढता का आता?

एका शून्याला काय काय लागतं ते सांगतो. अकरा दिवस, सतरा सुया, तुमच्या बहिणीच्या पोटावर दोन्हीकडे निळे डाग आणि तिच्या शाळेतल्या सहा रजा. एवढं सोसून टेस्ट ट्यूब बाळासाठी तिला स्त्रीबीजं काढायला आत नेलं, तर एकही हाती लागलं नाही. हे तुम्हाला फोनवर कळलंच आहे.

सुया घरी मीच देत होतो. नर्सबाई शिकवायला लागल्या, तेव्हा म्हटलं, "बाई, पंचवीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतोय. सुईचं मला नका शिकवू. माझ्या टेबलावर जोडणी झाल्यावर एक स्क्रू उरत नाही." तुमची बहीण माहितीचा कागद वाचत होती. तो मी तिच्या हातातून काढून घडी करून खिशात घातला.

शेवटची सुई बीजं पिकून सुटावीत म्हणून, ठरल्या मिनिटालाच द्यायची. मी मिनिट चुकवलं नाही.

बीजं काढायला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मी बाहेरच्या खोलीत होतो, पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. शेवटच्या सुईचं औषध रक्तात उतरलंच नव्हतं म्हणे. तिने फ्रिजचं दार उघडलं. बराच वेळ बंद झालं नाही. मग ती शांतपणे म्हणाली, "सुई मीच घेतली होती. घाईत पाण्यात औषधाची पावडर कालवायची राहिली, नुसतं पाणी टोचलं."

तुम्हालाही तिने तेच सांगितलं. "लहानपणापासूनची धांदरट," हे तुमचं बोलणंही मला इकडे ऐकू आलं. ती "हो ना ताई" म्हणून हसली. खरं सांगायला फोन मी तिच्याकडून घेतला नाही.

दोन दिवसांनी विचारलं, "माझी चूक अंगावर का घेतलीस?"

"चुकीच्या धास्तीनं तुमचा हात कापायला लागला, तर पुढच्या वेळी सुई कोण देणार? ताई? तिला चष्म्याशिवाय माझं पोट दिसायचं नाही."

ताई, इतकं भक्कम माणूस मी पाहिलेलं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा सुरू करायचं म्हणते. कागद ती मोठ्यानं वाचणार, मी ऐकणार.

धांदरट हा शब्द तिच्याकडून काढून माझ्या नावावर करा. आणि तिला एक फोन करा.

तुमचा मेहुणा

ता. क. पावडरीची बाटली उरली आहे. सीलसुद्धा फोडलेलं नाही.