केवळाआजीची जाहिरात

११ फेब्रुवारी

आज तिसरा दिवस. माय आली नाही.

रविवारी सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडली. मला वाटलं भाजीला गेली. मोबाईल फ्रिजवर ठेवून गेली — ते नेहमीचंच, तिला त्याचं ओझं व्हायचं. दुपारपर्यंत मी रागातच होते. येईल गप, म्हटलं. संध्याकाळी उमरीला माझ्या भावाला, देविदासदादाला, फोन केला. "इकडं न्हाई आली. तुझ्याकडंच ऱ्हाते ना ती?"

भांडणाचं लिहून टाकते. इथे तरी खरं लिहावं. आप्पासाहेबांच्या मसाल्याच्या कारखान्याचं ऑनलाइन काम माझ्याकडे आहे — फेसबुक, इन्स्टा, सगळं. त्यांना येसर, म्हणजे आमटीत घालायचं मसालेदार पीठ, विकायचा होता. यंत्रात दळलेल्या येसराचं कौतुक कुणाला? म्हणून मी मायला नऊवारी नेसवली, शेजारून आणलेल्या जात्यापुढे बसवलं, रील काढलं आणि वरून आवाज दिला — ‘केवळाआजीचा येसर. पहाटे उठून स्वतःच्या हातांनी दळलेला.’ पुढे पुड्यावरही तिचाच फोटो आला. तिला वाटलं, पोरगी हौसेनं फोटो काढायली. शनिवारी उमरीत एका लग्नात बायकांनी तिला घेरलं, एक पुडा आम्हालाही द्या की म्हणून. तिथेच कुणीतरी तिला ते रील आवाजासकट दाखवलं.

घरात पाऊल टाकलं ते विचारतच. "मी कवा दळला गं येसर? माझ्या तोंडानं लबाड काहून बोललीस?"

मी म्हणाले, माय, याला मार्केटिंग म्हणतात, तुला काय कळतं त्यातलं.

रात्रभर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

१२ फेब्रुवारी

पोलिसांत नोंद केली. रागानं गेल्यात, राग उतरला की येतील, असं म्हणाले. चांगलं बोलले. पण चांगलं बोलून माय थोडीच येते.

पोस्ट टाकायला बसले. मोबाईलमध्ये मायचे तीनेकशे फोटो आहेत. शूटिंगचे सोडले तर धड एक नाही. कुठे डोळे मिटलेत, कुठे पदर तोंडाशी, कुठे दादाच्या पोरामागे अर्धीच. शेवटी जात्यापुढचा टाकला. उजेड छान होता. स्वतःच्या हरवलेल्या मायचा फोटो निवडतानाही मी उजेड बघत होते — काय म्हणावं मला!

१३ फेब्रुवारी

पोस्टखालच्या कमेंटी —

किंमत किती?

लातूरला घरपोच मिळेल का?

लय भारी आयडिया ताई, शेवटी आजी पुडा घेऊन सापडणार ना?

मी प्रत्येकाला लिहीत बसले, ही जाहिरात नाही, माझी आई खरंच हरवली आहे. त्यावर एकीनं हसण्याचे चार बाहुले टाकले. ‘किती नाटक’ असंही एकानं लिहिलं.

दुपारी आप्पासाहेबांचा फोन. आवाजात आनंद. "न विचारता केलंस, पण जमलं बरं का. सकाळपासून फोन बंद होईनात." मी सांगितलं, आप्पासाहेब, माय खरंच गेली. ते म्हणाले, "अरारा. देव करो आन् सापडो. पोस्ट काढू नको पण."

१४ फेब्रुवारी

दादा आला. आम्ही दोघे नांदेडचं स्टेशन, बसस्टँड, गुरुद्वाऱ्याचा लंगर, नदीचा घाट असं सगळं फिरलो. लंगरात कितीही दिवस फुकट जेवता येतं, तिथे असेल असं मला उगाच वाटत होतं. पंगती संपेपर्यंत थांबलो.

दादानं एका किराणा दुकानात फोटो दाखवला, ह्या बाई दिसल्या का म्हणून. दुकानदारानं मागच्या फळीवरून येसराचा पुडा काढला आणि काउंटरवर ठेवला. दादा पुड्याकडे बघतच राहिला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "हिला आता कुठं हुडकावं? सगळ्या दुकानात बसली हाय."

१६ फेब्रुवारी

मजकूर बदलला.

हरवलेल्या माणसांच्या पोस्टी मी आज शंभर तरी वाचल्या असतील. कामाची सवय — कुठली फिरते, कुठली पडून राहते, ते बघितलं. रागानं निघून गेलेल्या बाईची पोस्ट कुणी पुढे पाठवत नाही. घरातलं भांडण म्हणून सोडून देतात. फिरणाऱ्या प्रत्येक पोस्टीत एक ओळ असतेच. मी पण लिहिली. ‘मानसिक संतुलन ठीक नसल्याने घरातून निघून गेल्या आहेत.’ फोटोतलं जातं कापलं, रंग काढून टाकला. काळ्या-पांढऱ्या फोटोला लोक जाहिरात समजत नाहीत.

दादानं वाचलं. "माय येडी हाय का?"

म्हटलं, लोकांनी पुढं पाठवावं म्हणून लिहिलंय, सापडली की काढून टाकीन.

त्यानं मोबाईल माझ्या हातात परत दिला. मला वाटलं पटलं त्याला.

अकरा ग्रुपांवर टाकलं. तासाभरात हैदराबादच्या मावसभावाकडून मलाच परत आलं, खाली हात जोडलेले. चालली पोस्ट! आनंद झाला. खोटं कशाला लिहू, आनंदच झाला.

१८ फेब्रुवारी

फोनच फोन. देगलूर, परभणी, निजामाबाद. नर्सीला मंदिरापाशी बसलीय, परळीला गाडीत दिसली. दादा मोटरसायकल घेऊन जातो आणि मान खाली घालून परत येतो.

आज एकानं व्हिडिओ कॉल केला. "ताई, पकडून ठेवलीय." चार माणसांच्या मध्ये एक म्हातारी. एकानं दंड धरलेला, दुसऱ्यानं पिशवी हिसकावलेली. ती तेलुगूत काहीतरी सांगत होती, रडत होती. मी ओरडले, सोडा तिला, ती माझी माय नाही. तो म्हणाला, "नीट बघा ना ताई, वेडीच हाय."



२१ फेब्रुवारी

आज एकही फोन नाही. दादा उमरीला गेला. हरभरा काढायला आलाय, त्याला तरी कोण थांबवणार.

२४ फेब्रुवारी

दातांच्या दवाखान्याला महिला दिनाची पोस्ट हवी आहे. ‘आईचं हसू जपा’ असं लिहून दिलं. त्यांना फार आवडलं.

मोबाईल उघडावा तर येसराची जाहिरात समोर. मीच सेट केलेली — वय अमुक, राहणार नांदेड, स्वयंपाकाची आवड. मीच बसते त्यात. दर चार-पाच पोस्टींनंतर माय हसते. घरात दिसत नाही आणि मोबाईलमध्ये टळत नाही. आप्पासाहेबांना म्हटलं, बंद करा हो आता. ते म्हणाले, "सापडली की नवा फोटो काढू, तोवर चालू दे." माणूस वाईट नाही. मी तरी वेगळं काय केलं?

२६ फेब्रुवारी

उदगीरहून फोन. नागम्मा नावाची बाई. तिथल्या एका दाळमिलमध्ये तूर निवडते. म्हणाली, "तुमच्या अव्वा हितं होत्या. बारा दिस माझ्याच घरी."

होत्या.

उद्या पहिल्या एसटीनं जाते.

२७ फेब्रुवारी

जसं ऐकलं तसं लिहिते.

माय घर सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, उदगीरला उतरली. धान्यबाजारात, मोंढ्यात, विचारत विचारत मिलवर गेली आणि काम मागितलं. नागम्माच्या खोलीत राहिली. हात लई साफ, नागम्मा सांगत होती, एक खडा ऱ्हायचा न्हाई. बायकांत मिसळली होती. दुपारी सगळ्या जेवायला बसल्या की कुणाचंही लेकरू हिच्या मांडीवर. घर कुठलं विचारलं तर म्हणायची, हाय गोदाकाठी.

गेल्या शनिवारी ती पोस्ट मुकादमाच्या मोबाईलवर आली. त्याला फोटो ओळखू आला. तोही भला माणूस, घरच्यांना कळवतो म्हणाला. पण तोवर बायकांत बोभाटा झाला होता. एकीनं येऊन मायच्या मांडीवरचं लेकरू उचलून नेलं.

मायला वाचता येत नाही. नागम्माच्या पोरीला म्हणाली, काय लिवलंय वाच. पोरीनं वाचलं. म्हणाली, पुन्यांदा वाच. पुन्हा वाचलं. मग विचारलं, खाली नंबर कुणाचा हाय? पोरीनं आकडे वाचले. मायला वाचता येत नसलं तरी माझा नंबर पाठ आहे.

मुकादमाला म्हणाली, फोन करू नगा, मी जातेच उद्या. सकाळी उठून गेली. कुठे, नागम्मालाही सांगितलं नाही. "चार दिस जीव खात होता," नागम्मा म्हणाली, "म्हणून फोन लावला."

मला चहा दिला. मग माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "खरंच येड्या होत्या का हो? मला तर न्हाई वाटल्या."

न्हाई, मी म्हणाले.

"मग लिवलं काहून?"

चहा तसाच ठेवून उठले. येताना एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, घरात कुणी वारलं का. मी नाही म्हणाले आणि रडतच राहिले.

२८ फेब्रुवारी

नवीन पोस्ट लिहिली. ‘माझी आई श्रीमती केवळाबाई पूर्णपणे शहाणी आहे. आधीच्या संदेशातली ओळ खोटी होती. ती मी लिहिली. येसरही ती दळत नाही. कृपया तिला कुणी धरू नका, फक्त मला कळवा.’

त्याच अकरा ग्रुपांवर टाकली. नऊ अंगठे आले. पुढे कुणीच पाठवली नाही. खऱ्याला पाय नसतात, एवढं तर मला आठ वर्षांच्या कामात कळायला हवं होतं.

आप्पासाहेबांचा मेसेज — उद्यापासून काम थांबव. बरं झालं.

३ मार्च

जुनी पोस्ट आज आमच्याच कॉलनीच्या ग्रुपवर परत आली. कुणीतरी मध्ये भर घातलीय. ‘अंगावर धावून येतात. लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नका.’

मी ग्रुपवर लिहिलं, हे खोटं आहे, ही माझी आई आहे. ॲडमिननं लिहिलं, काळजी घ्या ताई, आम्ही सगळे तुमच्यासोबत आहोत.

आता हे थांबवायचं कसं, मला माहीत नाही. चालवायचं कसं, एवढंच मी शिकले.

७ मार्च

दादाचा फोन. विचारलं, काही कळलं? न्हाई, म्हणाला. कुणीच फोन ठेवेना.

माय कुठेतरी पाणी मागत असेल आणि समोरचा आधी मोबाईल काढून बघत असेल. दुसरं काही डोळ्यांपुढे येत नाही.

११ मार्च

व्हिडिओ आला. कॉलनीच्याच ग्रुपवर, वर ‘बऱ्याच वेळा फॉरवर्ड केलेला’. माय आहे. एका पांढऱ्या भिंतीपुढे उभी. वाळलीय, पण केस नीट विंचरलेत. गाव ओळखू येत नाही. कुणाला तरी विनवून काढून घेतलेला दिसतोय.

"मी केवळाबाई. मी येडी न्हाई. येसर मी दळत न्हाई. कामाला लागलेय, पोटाला खातेय, मला कुणी धरू नगा. ते लिवणारी माझीच पोरगी हाय. ती लबाड बोलती. तिचं काही खरं मानू नगा."

तीनदा ऐकला. मग माझ्या सगळ्या ग्रुपांवर पाठवून दिला. वर एक शब्दही लिहिला नाही.