मंदिराची आठशे कासवं आणि पोटातला कॉम्प्युटर

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ६.
भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडलं. मागची बाजू कोरी असते, फुकट कशाला घालवायची. आजपासून रोज इथे लिहायचं. कुणाला दाखवायला नाही, पुरावा म्हणून. या घरात काही बिघडलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात.

बिघडलंय ते असं. आमच्या दुकानाच्या ऑर्डरींचा प्रोग्राम जुना आहे, जुन्या विंडोजशिवाय चालत नाही. तो जुना कॉम्प्युटर तीन वर्षांपूर्वी मेला. तेव्हा सुनेच्या भावाने त्याला नव्या कॉम्प्युटरच्या पोटात घातलं. म्हणजे बाहेर एक कॉम्प्युटर, त्याच्या पडद्यावर एक खिडकी, खिडकीत दुसरा कॉम्प्युटर बसलेला. भाडं न देणाऱ्या पाहुण्यासारखा. भाऊ आता मालवाहू जहाजावर नोकरीला आहे, फोन लागत नाही. शहाणा माणूस.

शनिवारी अपडेट आले. बाहेरच्याने मला विचारलं, करू का? मी हो दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. सात वेळा. इतक्या नम्रपणे मला या घरात कुणी विचारत नाही.

तेव्हापासून बाहेरच्याला नेटवर्क आहे, आतल्याला नाही. आतल्याच्या कोपऱ्यात लाल फुली. ऑर्डर येत नाही, चिठ्ठी निघत नाही. सून पेई-शान म्हणाली, आई, मी बघू का? म्हटलं, तू मुगाचं सारण बघ, खाली लागतंय. कॉम्प्युटरचं एका तासाचं काम आहे.

सकाळी ११.
अजून एक तास लागेल.

८ एप्रिल, मंगळवार.
कॅलेंडरवर: आज योग्य, स्नान आणि भिंत पाडणं. अयोग्य, चूल बसवणं. कॉम्प्युटरबद्दल काही नाही. अंघोळ केली.

बाहेरचा चार वेळा बंद-चालू केला, आतला सहा वेळा. कीबोर्ड जुन्या टूथब्रशने घासला. आतून तीळ निघाले. तिळाने नेटवर्क अडतं का ते ठाऊक नाही, पण निघाले ते बरंच झालं. आता बिघाड निम्मा तरी कमी झाला असणार.

काय पणाला लागलंय तेही लिहून ठेवते. मात्सूदेवीचा जन्मदिवस वीस तारखेला. मंदिराची नैवेद्याची आठशे लाल कासवं एकेचाळीस वर्षं आमच्याकडची. चिकट तांदळाचं पीठ, आत मुगाचं सारण, खाली केळीचं पान, पाठीवर लाकडी साच्याचा ठसा. यंदा कमिटीला नवा चाळा सुचला. म्हणे तोंडी काही नको, यादी प्रोग्रामवर पाठवू, सोळा तारखेला संध्याकाळी पाचच्या आत तुम्ही 'मान्य' दाबा. नाही दाबलं तर काम दुसऱ्याला.

आमच्या लुगांग गावात हे काम करणारी दुसरी एकच आहे. आमच्याच गल्लीत. माझी धाकटी जाऊ चिन-चू. तिची कासवं मशीन दाबतं. चेहरे बघा त्या कासवांचे. रांगेत उभं राहून कंटाळल्यासारखे.

पेई-शान म्हणाली, आई, मंदिरात जाऊन सांगूया ना, आमचा प्रोग्राम बंद पडलाय म्हणून. सांगितलं की पाच मिनिटांत चिन-चूला कळणार. हिला माणसं कळत नाहीत, कॉम्प्युटर काय कळणार.

९ एप्रिल, बुधवार. सकाळी.
शेजारचे ल्याव भाऊजी आले. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण अजून कुठे वायर दिसली की डोळे भरून येतात. मी बोलावलं नव्हतं. मी फक्त दारात उभी राहून दोनदा मोठ्याने म्हटलं की ही वायर कुठली कोण जाणे.

त्यांनी समजावलं. वहिनी, आतल्या कॉम्प्युटरला रस्त्यावर जायचे चार मार्ग. एक, त्याला स्वतःचं वेगळं दार काढून द्यायचं. दोन, मोठ्याच्या दारातून जायचं, मोठ्याचं नाव सांगून. तीन, आतल्या खोलीतच बसायचं. चार, कुठेच जायचं नाही. अपडेटनंतर त्याचं वेगळं दार बुजलंय, तेव्हा...

तेवढ्यात चहा संपला, त्यांनी अजून मागितला. तिसरा कप. मी म्हटलं, भाऊजी, पुढचं मला समजलं. ते म्हणाले, मी अजून सांगितलंच नाही. म्हटलं, म्हणूनच.

मार्ग चार आहेत एवढं कळलं. चारातला एक निवडायचा. लग्नाच्या वेळी मला तेवढेही नव्हते.

१० एप्रिल, गुरुवार.
भाऊजी म्हणाले होते, मोठ्या ऑफिसांत मशीनवर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात, मग मशीन शहाण्यासारखं वागतं. आणलं. पिवळं. हिरव्यात नारळ असतो, मला नारळ सोसत नाही.

भाऊजी खिडकीतून बघून ओरडले, वहिनी, पिवळं नाही चालत, पिवळ्या दिव्याला गाड्या थांबतात! आणि फोडलंय कुणी?

मी. चव बघायला नको?

लाल फुली तशीच. पाकीट संपलं.

११ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ७.
कॅलेंडरवर: आज योग्य, देवाला नवस आणि विचारणा. हे आधी बघायला हवं होतं. चार दिवस माणसांना विचारत बसले.

धूप लावला. देव्हाऱ्यातले चंद्रकोरीचे दोन लाकडी ठोकळे काढले. एक उताणा, एक पालथा पडला तर देवीचा हो. दोन्ही पालथे, नाही. दोन्ही उताणे, देवी हसली. लागोपाठ तीन हो आले की पक्कं, मग त्यात बदल नाही.

तसा माझा निर्णय आधीच झाला होता. चार मार्गांतल्या एकाचं नाव 'अंतर्गत जाळं'. कॉम्प्युटर कुठे आहे? आत. मग जाळं कुठलं पाहिजे? तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला कळतं हे. तरी देवीचा मान म्हणून विचारलं.

पहिला हो. दुसरा नाही. चूक माझीच, पत्ता सांगायचा राहिला होता. नाव, जन्मतारीख, घर नंबर, सगळं सांगून परत टाकले. हो, मग हसली. धुपाची राख पडली होती, ती पुसली. परत. नाही. पेई-शान दारातून बघत होती, तिची सावली पडत होती, तिला हाकललं. परत. परत. मग आले. हो, हो, हो. लागोपाठ तीन. एकूण किती वेळा टाकले याला महत्त्व नाही.

अंतर्गत जाळं निवडलं. आतला बंद-चालू केला.

लाल फुली गेली!

तिच्या जागी छोटा पिवळा त्रिकोण आला. पानात बांधलेल्या भाताच्या पुडीसारखा. सणासुदीचं चिन्ह. पेई-शानला बोलावून दाखवला. ती म्हणाली, आई, यावर बोट ठेवलं की 'मर्यादित' असं येतंय. म्हटलं, मर्यादा असलेली चांगली. तुझ्या माहेरी कुणाला नाही.

१२ एप्रिल, शनिवार.
भाजी आणायला गेले तेव्हा सहज सात-आठ जणींना सांगितलं की मी कॉम्प्युटर दुरुस्त केला. चिन-चूला दोनदा सांगितलं, पहिल्यांदा तिने नीट ऐकलं नाही. म्हणाली, जाऊबाई, बरं झालं हो, या वयात. या वयात! माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, आणि तिला साधा रेडिओ लावायला जावई लागतो.

ऑर्डर: शून्य. आज शनिवार. लोक झोपतात.

१३ एप्रिल, रविवार.
शून्य. नुकतंच पितरांच्या थडग्यांची साफसफाई झाली, घराघरांत नैवेद्याचं उरलंय. पोटं भरलेली.

१४ एप्रिल, सोमवार.
शून्य. नीट विचार केला. आमच्या निम्म्या ऑर्डरी बाळाचा महिना भरला म्हणून येतात. आजकालच्या मुली मांजरं पाळतात. मांजराचा महिना कोण करतं? कॉम्प्युटर काय करणार त्याला.

पेई-शान म्हणाली, आई, काल बाजारात त्या शिंपिणीने मला विचारलं, तुमचं उत्तर का नाही आलं, दोन डझन मागवली होती. म्हटलं, ती शिंपीण कुणालाही काहीही सांगते. माझ्या ब्लाउजची बाही आखूड केली तेव्हाही म्हणत होती बरोबर आहे.

पेई-शान म्हणाली, फक्त एकदा दुसरा मार्ग लावून बघते, पाच मिनिटं. मी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. तीन हो आलेत. तुझ्या पाच मिनिटांसाठी देवीला खोटं पाडू? गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा जास्त उद्धट वाटते.

१५ एप्रिल, मंगळवार.
तांदूळ भिजत घातला. आठशेचा. यादी आज नाहीतर उद्या येईलच. मंदिराची माणसं शेवटच्या क्षणी जागी होतात.

कॅलेंडर बघितलं नाही. गरज नाही.

१६ एप्रिल, बुधवार. सकाळी ९.
यादी नाही.

दुपारी १२.
नाही. खुर्ची कॉम्प्युटरसमोर आणली. पेज इथेच खाल्ली.

दुपारी ३.
पीठ दळून तयार. सारण तयार. केळीची पानं कापून तयार. मंदिर तयार नाही.

दुपारी ४.
ल्याव भाऊजी आले. माझ्या खांद्यावरून पडद्यात बघितलं आणि कपाळाला हात लावला. वहिनी, तुम्ही याला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावलीत की! हा बिचारा पाच दिवस भिंतीशी बोलतोय. मोठ्याच्या दारातून पाठवा, आत्ता, ताबडतोब.

म्हटलं, देवीने सांगितलंय.

पेई-शान म्हणाली, मग देवीलाच परत विचारा. पाचला एक तास आहे.

विचारलं. अंतर्गतच ठेवू ना? देवी हसली. पुन्हा विचारलं. हसली. नऊ वेळा टाकले, नऊ वेळा हसली. मी सांगितलं, आनंदाने हसतेय. भाऊजी म्हणाले, वहिनी, मीसुद्धा तसाच हसतोय.

पत्ता सांगितला. राख पुसली. धूप बदलला. पेई-शानला बाहेर काढलं, मग भाऊजींना. हसली.

संध्याकाळी ५ वाजून ५ मिनिटं.
पेई-शान आत आली, माझ्या हातातून ठोकळे काढून घेतले. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातातून काही काढून घेतलं. पत्ता नाही, जन्मतारीख नाही. देवी, मी मोठ्याचं दार उघडू का? एवढंच. हो. हो. हो.

तिची मनगटं बारीक आहेत, ठोकळे सोपे पडतात.

मग तिने तीन ठिकाणी दाबलं. एक मिनिटही लागलं नाही. पिवळा त्रिकोण गेला आणि प्रिंटर ओरडायला लागला.

संध्याकाळी ५.२५.
एकतीस चिठ्ठ्या. शिंपिणीची दोन डझन खरी निघाली. तीन बाळांचे महिने. ती बाळं आता बसायला लागली असतील.

तीन चिठ्ठ्या मंदिराच्या. नऊ तारखेची: यादी सोबत, आठशे, हाताने दाबलेलीच. बारा तारखेची: आजी, मान्य दाबा. आज पाच वाजून दोन मिनिटांची: उत्तर न आल्याने यंदाचं काम श्रीमती चिन-चू यांच्याकडे दिलं आहे, एकेचाळीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार.

म्हणजे तीन मिनिटांनी हुकलं. पेई-शान कडेने बोलत बसली नसती तर वेळेत झालं असतं.

भाऊजी चहा न मागता गेले.

१७ एप्रिल, गुरुवार.
मंदिरात जाऊन आले. कारकून त्साय लहान असताना आमच्या दुकानात सारण चाटायचा. म्हणाला, आजी, माझ्या हातात नाही, पाच वाजले की आमचा प्रोग्राम आपोआप बंद होतो. म्हटलं, माझाही बंद होतो, मी कुणाला पत्र पाठवते का? त्याने चहा दिला. हे लोक काम काढून घेतात तेव्हा चहा चांगला देतात.

घरी आठशे कासवांचं पीठ आंबायच्या बेतात.

दुपारी कळलं, चिन-चूची पंचाईत झालीय. कमिटीची अट हाताने दाबलेल्या कासवांची, आणि तिच्याकडे मशीन आहे, हात नाहीत. तांदूळही भिजवलेला नाही. मला फार हसू आलं. पेई-शान हसली नाही. तिने पिठाच्या तीन बादल्या ढकलगाडीवर ठेवल्या, साचे ठेवले आणि गल्ली ओलांडून गेली. मला विचारलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार. सकाळी ५.
चिन-चूच्या दुकानातून लिहितेय, तिच्या कॅलेंडरच्या पानावर. तिचं कॅलेंडर लहान आहे.

ती स्वतः बोलवायला आली होती. जाऊबाई, तुमच्याशिवाय व्हायचं नाही. आता सणाच्या वेळी एका बाईची इतकी ओढाताण होत असेल तर माणुसकी म्हणून जावंच लागतं. काम तिच्या नावावर असलं तरी ठसा कुणाचा ते जाणकाराला कळतं. लुगांगमध्ये असे जाणकार दोन-तीन उरलेत. त्यातला एकजण आता आंधळा झालाय.

चारशे दहा झाली. पेई-शान सारण भरते, मी दाबते, चिन-चू खोक्यांवर स्वतःच्या दुकानाची चिकटपट्टी लावते. तिचा हात या कामात चांगला चालतो.

आल्या आल्या तिने मला एप्रन दिला. पिवळा, पुढे हे एवढ्या अक्षरात तिच्या दुकानाचं नाव. मी उलटा करून घातला, नाव आत. 

पण उलट्या बाजूला खिसा नाही, आणि मला चष्मा ठेवायला खिसा लागतो. एक तास चष्मा दातांत धरून काम केलं.

मग सुलटा घातला.