युटा ते न्यू जर्सी, मागच्या सीटवर तू

मावशी,

गेल्या रविवारी मुलाचा फोन आला होता. तो सनीव्हेलला असतो. फोनवर तो इंग्रजीत बोलतो आणि मी मराठीत, असंच आमचं वर्षानुवर्षं चाललं आहे. त्याच्या मुलीला शाळेत घराण्याचा तक्ता करून न्यायचा होता. "आई, व्हॉट वॉज युवर मॉम्स नेम?" त्याने विचारलं. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "वेट, आय थॉट मावशीआजी वॉज युवर मॉम." मी सांगितलं, ती माझ्या आईची धाकटी बहीण, आई गेल्यावर अण्णांनी तिच्याशी लग्न केलं. "ओके, कूल," म्हणून त्याने दोन्ही नावं लिहून घेतली आणि फोन ठेवला. त्याचं काम झालं. मी मात्र सिंकपाशी तशीच उभी राहिले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की त्या वर्षांचा हिशोब मी आता करत नाही. आज बाहेर पाऊस आहे, घरात मी एकटी आहे, आणि लिहायला बसले आहे.

तू आणि अण्णा माझ्या ग्रॅज्युएशनला आलात तो जून महिना मला अजून दिवसागणिक आठवतो. युटात जून असूनही डोंगरावर बर्फ होता, आणि तू सुती साडीवर अण्णांचा स्वेटर घालून, पायात मी घेऊन दिलेले कॅनव्हासचे बूट घालून हिंडत होतीस. मी एका म्हाताऱ्या मॉर्मन, म्हणजे तिकडच्या एका ख्रिस्ती पंथाच्या, जोडप्याच्या घरात खाली बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. घरमालकीण तुम्हाला भेटायला खाली आली तेव्हा तू चहा टाकलास. ती म्हणाली, आम्ही चहा घेत नाही. मी सांगितलं, त्यांच्या धर्मात चालत नाही. "कॉफी?" तू विचारलंस. तीही नाही. तू तिच्याकडे बघत मला म्हणालीस, "मग पाहुणा आला की ही माणसं करतात तरी काय?" तिला मी भाषांतर करून सांगितलं तर ती इतकी हसली की तिने चष्मा काढून डोळे पुसले. मग तिने दूध मागितलं आणि तू त्यात वेलची घालून दिलीस.

ग्रॅज्युएशनच्या सकाळी तू पार्किंगमध्ये माझं औक्षण केलंस. ताटाऐवजी केकचा ॲल्युमिनियमचा ट्रे, त्यात तू आणलेलं निरांजन. वारा असा की काड्यापेटीतल्या काड्या निम्म्या संपल्या. शेवटी अण्णांनी गाडीतला सिगरेट पेटवायचा लायटर ओढून आणला आणि त्याच्या लाल कडीवर तू फुलवात धरलीस. काळा गाऊन घातलेली मुलं थांबून बघत होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी दातओठ खात म्हणाले, "मावशी, आटप ना." तू आटपलं नाहीस. सावकाश तीनदा ओवाळलंस. समारंभानंतर माझे प्रोफेसर भेटले. त्यांनी तुझ्याशी हात मिळवला आणि मला म्हणाले, तू अगदी तुझ्या आईसारखी दिसतेस. आपल्या दोघींची हनुवटी एकच, ती तुमच्या माहेरची. मी 'थँक यू' म्हणाले. एवढं इंग्रजी तुला कळायचं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तू जरा वेगळीच होतीस. स्वतःशीच काहीतरी गुणगुणत सामान भरत होतीस, आणि ते का, हे मला पक्कं माहीत होतं.

मला न्यू जर्सीत नोकरी लागली होती. तुमचं परतीचं विमान न्यूयॉर्कहून होतं. म्हणून मी जुनी स्टेशन वॅगन घेतली आणि तिघं गाडीनेच पूर्वेला निघालो. घरमालकांना हे कळल्यावर त्यांनी पेन्सिलीने यादी करून दिली. त्यांचे पूर्वज ज्या रस्त्याने पश्चिमेला आले त्याच रस्त्याने तुम्ही उलटे निघाला आहात, तर एवढं बघत जा, म्हणाले. अण्णांनी ती यादी सरकारी हुकुमासारखी खिशात घातली. पाटबंधारे खात्यात उभा जन्म गेलेला माणूस. या लोकांनी वाळवंटात येऊन आधी पाट काढले, हे ऐकल्यापासून ते मॉर्मन लोकांवर बेहद्द खूष होते. "देऊळ मागनं बांधलं. आधी पाणी," ते पुन्हापुन्हा सांगायचे. तू मागच्या सीटवर, कुकर आणि पुस्तकांच्या खोक्यांच्या मधे, म्हणायचीस, "अहो, समोर बघा, तिला रस्ता सांगा."

यादीत पहिलं सॉल्ट लेक सिटी. तिथे त्यांची वंशावळींची लायब्ररी आहे. जगभरातल्या लोकांच्या पिढ्या तिथे नोंदवून ठेवतात, कोणीही जावं, पैसे पडत नाहीत. पांढरा शर्ट आणि टाय लावलेल्या एका आजोबांनी आम्हाला टेबलाशी बसवलं आणि कोरे तक्ते दिले. अण्णांनी बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं अशी सात नावं एका दमात सांगितली. मी लिहीत होते. बायकांच्या चौकटी आल्या तेव्हा ते अडले. आपल्या आजीचं माहेर त्यांना ठाऊक नव्हतं. मग तू बोलायला लागलीस. त्यांची आजी कुठली, तिचं माहेरचं नाव काय, सासरचं काय, पणजीला भाऊ किती होते. अण्णांच्या घराण्यातल्या बायका अण्णांना माहीत नव्हत्या, तुला होत्या. टायवाले आजोबा कौतुकाने मान हलवत होते. "घरात आलं की विचारून घ्यावं लागतं," तू मला म्हणालीस, "नाहीतर कोणाच्या नावाने पान वाढायचं ते कसं कळणार?"

मग माझी ओळ आली. माझं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आईच्या नावाला जागाच नव्हती, त्यामुळे हा प्रश्न मला लेखी असा कधी पडला नव्हता. मी आईचं नाव लिहिलं. मी चार वर्षांची असताना गेलेली, जिचा मला फक्त एक फोटो आठवतो, त्या आईचं. मी क्षणभरही थांबले नाही, हेच मला आज जास्त आठवतं. तू माझ्या खांद्यामागून बघत होतीस. आजोबांनी तुझ्याकडे हात करून विचारलं, आणि या? अण्णांनी त्यांच्या इंग्रजीत सांगितलं, ही माझी दुसरी पत्नी, पहिलीची बहीण. आजोबांना त्यात काही विशेष वाटलं नाही, त्यांच्या पंथात पूर्वी एकाला अनेक बायका असत. त्यांनी दुसरा कागद काढला, कुटुंबाच्या माहितीचा, आणि त्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ होती 'नवऱ्याच्या इतर बायका'.

"काय लिहिलंय?" तू विचारलंस.

"तुझं नाव इथे घालायचंय."

"ते कळलं. लिहिलंय काय?"

"पत्नी," मी म्हणाले.

तू मॅट्रिक झालेली होतीस. वाकून तू ती ओळ स्वतः वाचलीस, ओठ हलवत. मग सरळ झालीस आणि म्हणालीस, "लिही. स्पेलिंग नीट लिही."

वायोमिंगमध्ये दोन दिवस तू जवळजवळ बोलली नाहीस. तिथे रस्ता संपतच नाही. हातगाड्या ओढत चालत आलेल्या लोकांच्या खुणा दाखवणारे फलक लागत होते आणि अण्णा प्रत्येक फलकापाशी गाडी थांबवायला लावत होते. लवकर सुरू झालेल्या बर्फात किती माणसं वाटेतच गेली ते वाचून ते हळहळत होते. तू गाडीतच बसून राहायचीस. संध्याकाळी मोटेलमध्ये तू दाराच्या फटीला टॉवेल लावून हॉटप्लेटवर पिठलं करायचीस, वास बाहेर जाऊ नये म्हणून, आणि माझ्या पानात आधी वाढायचीस. मी वाट बघत होते की हे आपोआप विरून जाईल. आपल्या घरात सगळं असंच विरत आलं होतं. तुमच्या लग्नानंतर आत्याने मला दरडावलं होतं, आता हिला आई म्हणायचं, आणि मी तीन दिवस जेवले नव्हते. तेव्हा तूच म्हणालीस, "राहू दे, तिला म्हणायचंय ते म्हणू दे." तू तेव्हा तेवीस वर्षांची होतीस. तुला मूल झालं नाही की तू होऊ दिलं नाहीस, हे मी तुला कधी विचारलं नाही.

मिसिसिपीच्या काठचं नॉव्हू हे यादीतलं शेवटचं ठिकाण. त्यांचं जुनं गाव, विटांची नीट राखलेली घरं. एका घरात स्वयंसेवक म्हणून आलेली एक आजी चुलीवरचा पाव आणि आल्याची बिस्किटं दाखवत होती. दुपारचं ऊन, आम्ही तिघंच पाहुणे. बोलता बोलता ती तिच्या पणजीबद्दल सांगायला लागली. पुढे युटात गेल्यावर तिच्या पणजोबांना दोन बायका होत्या आणि त्या सख्ख्या बहिणी. थोरली लवकर वारली, धाकटीने तिची मुलं वाढवली. ही धाकटी म्हणजे तिची पणजी. मी हे तुम्हाला सांगितलं. अण्णा चुलीच्या धुराड्याचं बांधकाम बघायला सरकले. तू पुढे आलीस.

"तिला विचार, ती मुलं हिच्या पणजीला काय म्हणायची?"

मी चुलीकडे वळले. तू म्हणालीस, "विचार ना गं."

मी विचारलं. आजी म्हणाली, "आंट. तेव्हा सगळ्याच घरांत तसं म्हणायचे. आपली ती मदर, बाकीच्या आंट." हे भाषांतर करायची गरजच नव्हती. "म्हणजे मावशीच की," तू म्हणालीस आणि हसलीस, सॉल्ट लेकनंतर पहिल्यांदा. आजीने मला विचारलं, त्या हे का विचारतात? मी म्हणाले, "ओह, जस्ट क्युरियस." तू माझ्याकडे पाहिलंस. मग हातातलं बिस्किट माझ्या हातावर ठेवलंस आणि नदी बघायला बाहेर गेलीस.

मी मागून आले तेव्हा तू काठच्या गवतावर बूट काढून बसली होतीस. तू म्हणालीस, "तिचं नाव लिहिलंस ते बरं केलंस. ताईचं नाव कुठेच नव्हतं बघ. ना घरावर, ना पितळेच्या भांड्यांवर. मी आले तेव्हा भांड्यांवर माझं घालून घेतलं सगळ्यांनी." मी म्हणाले, "हं." तुला माझ्याकडून एखादं वाक्य हवं होतं. मोठं नाही, कसलंही. मला ते दिसत होतं. मी म्हणाले, "निघू या, मावशी, पुढे ट्रॅफिक लागेल." नॉव्हूला कसला आलाय ट्रॅफिक. तू बूट घातलेस आणि गाडीत जाऊन बसलीस. त्यानंतर आपण एकमेकींना शेकडो पत्रं लिहिली. लोणचं, हवा, माझं बाळंतपण, अण्णांचं दुखणं, सगळं त्यांत आलं. हे आलं नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिता येते आहे. अण्णांनंतर पाच वर्षांनी तू गेलीस. आत्येभावाचा फोन आला तेव्हा इथे सकाळ होती आणि मी ऑफिसला निघत होते. उद्या सकाळी उरकतील, तू काही पोचणार नाहीस, असं तोच म्हणाला. मी ऑफिसात कळवलं. मॅनेजर भला माणूस होता. त्याने कोण गेलं ते विचारलं, कारण नियमच तसा होता. आईवडील असले तर आठवडाभर रजा, इतर नातेवाइकांसाठी एक दिवस. इंग्रजीत 'मदर' म्हणण्यात माझं काहीच गेलं नसतं, आणि तपासणारंही कोणी नव्हतं. मी म्हणाले, "माय आंट." तो म्हणाला, आय ॲम सॉरी, वेअर यू क्लोज? मी म्हणाले, "सॉर्ट ऑफ." तो दिवस मी घरी बसून काढला, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर गेले.