कोंढ्याच्या टॉवरचा आकडा

१० फेब्रुवारी

डोकं अजून तापलेलं आहे!

कोंढ्याला पुंडलिकरावांच्या वाडीतल्या मोबाइल टॉवरच्या लहरी मोजत होतो. शेजारच्या निर्मलाबाईंचा अर्ज होता — टॉवर लागल्यापासून डोकं ठणकतं. माझे साहेब अतुल सर जीपमध्ये फोनवर. अँटेना माझ्या हातात, मशीनच्या पडद्यावर सगळं मर्यादेत. तेवढ्यात दामिनीचा मेसेज — "आज लाखनीचे पाहुणे मले पाहाले येऊन राहिले."

मी लिहिलं — "नाही म्हण." पाठवलं. वर तिचे वडील, हे पुंडलिकराव, विचारतात, "काय बे, कॉलेज सोडून आता हे काडी धरून फिरून राहिला का?"

पडद्यावर एकदम सुळका! मी ओरडलो, "मर्यादेच्या वर आहे! इथं राहणं धोक्याचं आहे!" कुंपणाबाहेर अर्धं गाव.

११ फेब्रुवारी

पाहुण्यांनी चहासुद्धा संपवला नाही म्हणे! दामिनीची मैत्रीण राखी सांगत होती. "बारा वर्षं टॉवरखाली वाढलेली पोरगी. उद्या लेकरू नाही झालं तं?" — आणि उठले.

मी दोन प्लेट समोसे खाल्ले.

१३ फेब्रुवारी

मेलो.

रिपोर्टसाठी रेकॉर्ड उघडलं. टॉवर लहरींच्या ज्या पट्ट्यात बोलतो तिथे वावगं काहीच नाही. सुळका आहे हातातला मोबाइल ज्या पट्ट्यात टॉवरला उत्तर देतो तिथे. माझ्याच! अँटेनापासून वीतभर. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं — मोजताना मोबाइल बंद, जीपमध्ये. पण तिचा मेसेज येईल म्हणून चालू ठेवला.

"रिपोर्ट झाला का रे?"

"होते सर."

१४ फेब्रुवारी

खरं सांगितलं तर ते लाखनीवाले परत येतील. नाही सांगितलं तर? राखी म्हणे, बोरिंगवर बाया दामिनीपासून दूर उभ्या राहतात. तिच्या गुंडाला, पाण्याच्या घागरीला, हात लावत नाहीत.

माझ्यामुळे!

१५ फेब्रुवारी

जेवलो नाही. आई — "काय झालं बे तुले?" काय सांगू!

१७ फेब्रुवारी

सांगून टाकलं. सर — "गाढवा! दोन वर्षं फिजिक्स शिकला ना तू? का नुसतं प्राध्यापकाशी भांडून कॉलेज सोडाले गेला होता तिथं?"

सगळ्यांचे मोबाइल जीपमध्ये ठेवून ग्रामपंचायतीसमोर पुन्हा मोजलं. मर्यादेच्या कितीतरी खाली. मीच उभा राहून म्हणालो, चूक माझी. निर्मलाबाई — "मंग माह्यं डोस्कं काहून ठणकते?" सर म्हणाले, पवनीला दवाखान्यात दाखवा.

पुंडलिकरावांनी माझ्याकडे बघितलंही नाही. नाही तर नाही. तिच्या नावावरचा डाग तर पुसला! तिचं लग्न झालं तरी झालं. मी सहन करीन.

२१ फेब्रुवारी

लाखनीवाल्यांशी दामिनीची सोयरिक जुळली. एप्रिलमध्ये लग्न.

दामिनी गिरणीवर दिसली. मीच पुढे गेलो. म्हणाली, "बाया दूर उभ्या राहत होत्या तं राहू द्याच्या होत्या. त्या आकड्यानं माही कॉलेजची परीक्षा होईपर्यंत मले कोणी पाहाले आलं नसतं. तू मले विचारलं काहून नाही?"