परवापासून दिसत होतं

वडाळा गाव, नाशिक
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. मोहिनीस,

बाबाचा आशीर्वाद. मी बरा आहे. कळवणला थंडी जास्त असेल, रात्रपाळीला स्वेटर घालत जा. इथेही सकाळी सोसायटीच्या गेटवर उभं राहिलं की बोटं आखडतात. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी मला त्यांची कानटोपी दिली आहे. घट्ट होते, पण चालते.

पत्र बघून दचकू नकोस. माझा फोन चालू आहे. पण फोनवर माझी गाडी ‘जेवलीस का’च्या पुढे जात नाही, हे तुलाही माहीत आहे. तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतोय. सवडीने, एकटी असशील तेव्हा वाच.

आधी आपल्या हळद्या बोक्याचं सांगतो. तो आजारी पडला होता.

सोमवारी संध्याकाळी ड्यूटीवरून आलो तर तो वाळूच्या घमेल्यात बसलेला. उठला, चार पावलं गेला, परत येऊन बसला. असं पाच-सहा वेळा केलं. मी म्हटलं, पोट कडक झालं असेल. चमचाभर एरंडेल पाजायला गेलो तर माझा अंगठा चावला. मंगळवारी दूध नको, सुकट पण नको. मोरीत ड्रमच्या मागे जाऊन बसला आणि सारखा शेपटीखाली चाटत राहिला. हात लावला तर गुरगुरला. तू त्याला ओंजळीत आणलंस तेव्हापासून तो माझ्यावर कधी गुरगुरला नव्हता. मी हात काढून घेतला आणि कामावर गेलो.

बुधवारी सकाळी नूरबानोभाभी पाणी भरायला आल्या होत्या. तेवढ्यात हळद्या ओरडला. मांजरासारखं नाही, तापातलं पोर कण्हतं तसं. त्यांनी हंडा खाली ठेवला.

“हिरामणभाऊ, हा कधीपासून असा करतो?”

“पोट साफ नाही त्याचं.”

त्या तशाच आत आल्या, घमेल्यात हात घालून तळापर्यंत वाळू उकरली आणि मूठभर माझ्यापुढे धरली. “बघा. सगळी कोरडी आहे. पोटाचं नाही हे, याची लघवी बंद झालीये. आमचा बोका असाच गेला. तिसरा दिवस निघाला नाही त्याचा. पोटाला हात लावून बघा, हळू.”

लावला. मागच्या पायांच्या पुढे लिंबाएवढा गोळा, दगडासारखा. बोट लागताच त्याला उलटी झाली, पिवळं पाणी पडलं.

भाभींनी त्यांच्या शेळ्यांच्या शेडमधलं द्राक्षाचं रिकामं क्रेट आणून दिलं. त्यात गोणपाट घातलं, वरून तुझी जुनी ओढणी बांधली आणि हळद्याला घेऊन तसाच कामावर गेलो, कारण आठची हजेरी होती. सेक्रेटरी साहेबांकडे रजा मागितली. ते म्हणाले, “दुपारी दोनला बदली माणूस येईल, मग जा. मांजरच आहे ना?” मी ‘हो’ म्हणालो.

समोर रस्त्यापलीकडे कुत्र्या-मांजरांचा मोठा दवाखाना आहे. तो दहाला उघडला तसा धावत गेलो. नळी घालायची, रक्त तपासायचं, तीन दिवस ठेवायचं. आकडा ऐकला तो माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त होता. मी क्रेट उचललं. काउंटरवरची मुलगी माझ्या मागे दारापर्यंत आली. म्हणाली, “काका, सरकारी जनावरांच्या दवाखान्यात न्या. तिथे करतात. पण दुपारी तो बंद होईल. आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबलात, तर नेऊन उपयोग नाही.”

गेटवर परत आलो. गाड्या येत होत्या, मी दांडा वर-खाली करत होतो. केबिनमध्ये तो कण्हत होता. अकराच्या सुमारास कण्हणं थांबलं. ओढणी वर करून पाहिलं तर डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हता. पाय गार पडले होते.

मोहिनी, तेव्हा मी गेट उघडं टाकून निघालो. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

द्वारका चौकात रिक्षा अडकली. पुढे बस, मागे टेम्पो. क्रेट मांडीवर होतं आणि मी गोणपाटाखालून हात घालून त्याच्या बरगड्या मोजत बसलो होतो, हलतात का नाही ते बघायला. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, “चालू आहे ना काका?”

दवाखान्यात एक म्हैस आणि दोन-तीन शेळ्या माझ्या आधी होत्या. म्हशीचा माणूस स्वतःहून बाजूला झाला. डॉक्टर तुझ्याच वयाच्या, उजमा मॅडम. त्यांनी पोट दाबलं, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, “काका, कधीपासून?”

माझ्या तोंडून आपोआप निघालं, “आज सकाळीच लक्षात आलं.”

त्यांनी मान हलवली आणि कागदावर तसं लिहायला घेतलं. मी त्यांच्या पेनाकडे बघत होतो. आणि मला दुसरा कागद दिसला, दुसरं टेबल दिसलं.

मी म्हटलं, “नाही मॅडम. परवापासून. परवापासून दिसत होतं मला.”

त्यांनी वर बघितलं. रागावल्या नाहीत. “बरं झालं सांगितलंत. मग आधी सलाईन. थेट भूल दिली असती तर टेबलावरच गेला असता.”

मला मेडिकलमध्ये पाठवून तान्ह्या बाळाला लावतात ती बारीक सुई आणायला लावली. आतली सुई काढून फेकली, नुसती प्लास्टिकची नळी ठेवली. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळेल. मी पुढचे पाय धरले होते. पहिल्यांदा नळी गेली नाही. दुसऱ्यांदाही नाही. मॅडमच्या कपाळावर घाम आला होता. तिसऱ्यांदा काहीतरी वाळूसारखं निघालं आणि मग धार लागली, लालभडक. थांबेचना. गोळा माझ्या हाताखाली मऊ होत गेला. मॅडम भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, “उद्या आणलं असतंत तर मी हात लावला नसता.”

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो आणि रडलो. म्हशीच्या माणसाला वाटलं, मांजर गेलं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. हा चौथा कागद आहे, आधीचे तीन फाडले.

सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी तुझ्या आईबद्दल विचारलं होतं, त्रास कधीपासून? तू माझ्या शेजारी उभी होतीस. मी म्हणालो, आठ दिवस. नंतर तुला म्हणालो, ती कुणाला काही बोललीच नाही, तिने अंगावर काढलं.

ते खोटं होतं.

भागीबाईला त्रास सुरू होऊन पाच महिने झाले होते. ती कपडे वेगळे धुवायची आणि टाकीमागे वाळत घालायची, ते मी बघितलं होतं. ताटातली अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवायची, ती मी खात होतो. नळावर बादली उचलताना मध्येच खाली बसायची. आणि ती बोलली होती, मोहिनी. दोनदा. पहिल्यांदा आषाढात, “दवाखान्यात जाऊन येऊ का?” मी म्हटलं, पगार होऊ दे. दुसऱ्यांदा गणपतीत. तेव्हा म्हटलं, तुझी परीक्षा होऊ दे. ‘मोहिनीला सांगू का,’ असंही तिने विचारलं. मीच नको म्हटलं. म्हटलं, पोरगी अभ्यास सोडून येईल.

खरं कारण तेवढंच नव्हतं. दवाखान्यात गेलो की ते नाव सांगतील आणि आकडा सांगतील, याची मला भीती होती. नाही गेलो तर कदाचित काही नसेल. मी रोज तिच्याकडे बघायचो आणि रोज काही नसेल असं धरून चालायचो.

ती गेली त्या दिवशी तू ओट्यावर डोकं ठेवून म्हणालीस, “मी नर्सिंग शिकतेय आणि माझ्या घरात मला कळलं नाही.” तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी तुला चहा दिला. त्या वाक्यापायी तू घर टाळलंस, नाशिकची नोकरी सोडून कळवण मागून घेतलंस, आणि मी दोन वर्षं तुला ते वाहू दिलं, कारण ते तुझ्याकडे होतं तोवर माझ्याकडे नव्हतं.

तुला कळलं नाही, कारण तू हॉस्टेलवर होतीस आणि तुझ्यापासून लपवलं होतं. लपवणारा मी. एवढं नीट वाच, पुन्हा वाच.

हळद्या घरी आहे. गुरुवारी पुन्हा नेऊन सलाईन दिलं. पंधरा दिवस धोका आहे, पुन्हा अडकू शकतं. सुकट बंद केलं. पाणी घालून पातळ केलेलं अन्न देतो. दर दोन तासांनी वाळू बघायची आहे. मी कामावर असताना नूरबानोभाभी बघतात. आज सकाळी तीन ठिकाणी ओली होती. गेट सोडलं म्हणून सोसायटीने माझ्याकडून लेखी माफी घेतली. ती चार ओळींत लिहून झाली.

तुझ्याकडे मी माफी मागत नाही. ती मागितली की द्यायची की नाही हे ठरवण्याचं कामही तुझ्याच अंगावर पडेल. ये असंही म्हणत नाही. चीड आली तर ती माझ्यावर काढ, फोनवर काढ, नाहीतर समोर येऊन. मी ऐकेन, मध्ये बोलणार नाही. फक्त स्वतःवर काढणं आजपासून थांबव.

भागीबाईने ज्याला दोनदा विचारलं होतं तो,
तुझा बाप,
हिरामण